इंजिनाशेजारची खोली

त्या आठवड्यात किल्लीबाईने तीन किल्ल्या चुकीच्या कापल्या.

बस डेपोच्या भिंतीला टेकून तिची टपरी. आधी वडील बसायचे, त्यांच्यानंतर सत्तावीस वर्षं ती. काम तसं साधं. मशिनच्या एका पकडीत जुनी किल्ली, दुसऱ्या पकडीत कोरी. जुनीच्या खाचांवरून काटा फिरवायचा, की पलीकडे चाक कोरीला तशाच खाचा पाडतं. मग कानशीने कडा घासून द्यायच्या. हात शिकतो, डोळे शिकतात, लक्ष तेवढं जागेवर हवं. आणि किल्लीबाईला त्या खडखडाटातच झोप लागत होती. उभ्या उभ्या, काटा हातात धरून.

तिसरी किल्ली परत घेऊन आलेला बेकरीवाला म्हणाला, "बाई, ही माझ्या कुलपाची आहे की तुमच्या स्वप्नातल्या?"

ती हसली. दुपारी चाकाने तिच्या बोटाचं अर्धं नख नेलं, तेव्हा हसू गेलं. बोटाला चिंधी गुंडाळून ती स्टुलावर बसली आणि तिला पहिल्यांदा नीट भीती वाटली. आज नख गेलं. उद्या?

कारण घरी होतं. आई. ऐंशीला टेकलेली, हाडाने काटक, डोक्याने विसकटलेली. दिवसा शेजारची बाई तिच्याजवळ बसायची. रात्री मात्र किल्लीबाई आणि आई, दोघीच. आई रात्रीतून नऊ वेळा उठायची. उठून दाराशी जायची, कडी चाचपायची आणि म्हणायची, "मला घरी जायचंय." म्हणून आईच्या गाऊनचा पट्टा काढून त्याचं एक टोक आईच्या मनगटाला, दुसरं आपल्या. हिसका बसला की उठायचं. चार वर्षं झाली. चार वर्षांत एकदाही सलग झोप नाही. भावाबहिणींचे फोन यायचे, "आई कशी आहे?" ही सांगायची, "बरी आहे." आणि ते खोटंही नव्हतं. आई बरीच होती.

अशात दादाने क्रूझ काढली. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सगळं कुटुंब समुद्रावर, पाच रात्री. रविवारी दुपारी सगळे किल्लीबाईच्या दोन खोल्यांत जमले. टेबलावर बोटीचा नकाशा पसरला आणि त्याच्या चारी कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले. दादा वजनमापं तपासणाऱ्या खात्यात साहेब. दुकानदाराचं माप कुठे कमी भरतंय ते त्याला लांबूनच दिसायचं. त्याच्या हातात लाल पेन होतं. शेजारी वहिनी, समोर धाकटी बहीण. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून स्वेटरची बटणं लावत होती आणि काढत होती.

"आम्ही आठव्या मजल्यावर. बाल्कनीची खोली," दादाने गोल केला. "हिला बंद जागेत गुदमरतं."

"आणि आम्ही काय डब्यात कोंबलेले मासे आहोत?" धाकटी म्हणाली. "चार जणं आहोत आम्ही. आम्हाला खिडकी तरी दे."

"घे की. गोल हवी का चौकोनी?"

"चौकोनी. पोरांची डोकी मावतील एवढी."

हशा झाला. दुसरा लाल गोल पडला. मग पेन नकाशाच्या पोटात शिरलं, जिथे खोल्यांना भिंतीच भिंती होत्या. "इथे ही आणि आई. आतली खोली. खिडकी नकोच, आई उघडायला जायची."

बरोबर होतं ते. तोच तर वैताग होता. त्या घरात आईबद्दल जे जे ठरायचं ते बरोबरच असायचं, आणि दर वेळी त्याचा शेवट किल्लीबाईच्या मनगटाशी व्हायचा.

वहिनींनी दुसरा कागद काढला. संध्याकाळचे कार्यक्रम. जागा आधीच धराव्या लागतात, किती जण ते कळवायचं. पहिल्या रात्री जादूगार, दुसऱ्या रात्री जुनी गाणी, तिसऱ्या रात्री जोडप्यांचा नाच, चौथ्या रात्री हसवण्याचा कार्यक्रम. वहिनी प्रत्येकाच्या नावापुढे बरोबरची खूण करत गेल्या. किल्लीबाईच्या नावाशी पेन अडखळलं.

"वन्सं, तुम्हाला जादूची फार हौस ना? हे सांगतात, लहानपणी तुम्ही घरातल्या सगळ्या पेट्यांत शिरून बसायच्यात."

"आई साडेसातला झोपते, वहिनी."

"हो ना, ते एक आहेच." वहिनींनी खरंच हळहळून मान हलवली. "पण एखाद्या रात्री आम्ही बसू की त्यांच्याजवळ. पाचव्या रात्री! पाचवी रात्र तुमची."

धाकटीने कागद ओढून पाहिला. "वहिनी, पाचव्या रात्री कार्यक्रमच नाहीये. 'सामान दाराबाहेर काढून ठेवावे' एवढंच लिहिलंय."

"मग तर बरंच. गर्दी नाही, गडबड नाही."

किल्लीबाईने चहाचा कप उचलला. नकाशाचा कोपरा गुंडाळत वर आला. तो तिने तसाच राहू दिला.

"मला वेगळी खोली हवी," ती म्हणाली. "एकटीला."

दादाने लाल पेन खाली ठेवलं.

"एकटीला म्हणजे?" दादा म्हणाला. "एकटीला घेतली तरी पैसे दोघांचे पडतात. आणि आई?"

"आई तुमच्याकडे. नाहीतर धाकटीकडे. पाचच रात्री. मला झोप हवी, दादा. बाकी काही नको. जादू नको, नाच नको, समुद्रसुद्धा नको. मला एक पलंग हवा आणि असं दार हवं, की त्याच्या पलीकडे आई नाही."

आईने मान वर केली. "बटण तुटलं का?" तिने विचारलं.

"नाही आई, आहे ते." किल्लीबाई उठली, बटण लावून परत आली.

मग एकेकाची गाडी सुरू झाली. दादाच्या गोळ्या रात्रीच्या. वहिनींची पाठ. धाकटीची पोरं लाथा मारतात, आणि शिवाय, "ताई, खरं सांगू? आई तुझ्याशिवाय कुणाकडे राहतच नाही गं." हे तिने इतक्या मायेने म्हटलं, की किल्लीबाईला ओरडावंसं वाटलं.

दादाला मार्ग सापडला. त्याचा चेहराच उजळला. "मधलं दार! अशा जोडखोल्या असतात, हे बघ. इकडे तू आणि आई, इकडे आम्ही, आणि मधे दार. आम्ही बाल्कनी सोडतो, जा! रात्री काही लागलं, हाक मारलीस की आलोच."

"ते एक दार नसतं," किल्लीबाई म्हणाली. "दोन असतात, पाठीला पाठ लावून. आपल्या बाजूचं आपण उघडायचं, पलीकडचं पलीकडच्याने. डेपोमागच्या लॉजमध्ये अशा सहा जोड्या आहेत. त्यांची कुलपं मीच बघते. जोडीतल्या एका दाराची कडी हात लागून लागून झिजलेली असते. दुसऱ्या दाराची कडी रंगात चिकटून बसलेली. रंगवल्यापासून कुणी ओढलेलीच नसते." ती दादाकडे बघत राहिली. "तुझी कडी कुठली असेल, ते मला आत्ताच माहीत आहे."

"हे जास्त होतंय हं," दादा म्हणाला.

"मग आज एक रात्र घे. बोट राहू दे. तुझ्या घरी, तुझ्या पलंगावर."

"घेतो की! त्यात काय एवढं? मला जन्म दिलाय तिने."

"मलाही दिलाय," किल्लीबाई म्हणाली आणि आईची पिशवी भरू लागली. पट्टा तिने दादाच्या हातात ठेवला. "मनगटाला सैल बांध. आठनंतर पाणी नको. 'घरी जायचंय' म्हणाली तर हेच आपलं घर असं सांगू नकोस, चवताळते. 'बस यायचीय' म्हण. बसची वाट बघते ती. शांत बसते."

सोमवारी किल्लीबाईला जाग आली ती उजेडाने. अंगावर कालचेच कपडे, पायात एक चप्पल. बराच वेळ तिला कळेना की घरातलं काय नाहीसं झालंय. मग कळलं, काहीच नाहीसं झालेलं नाही, फक्त मनगट मोकळं आहे. तिला सणकून भूक लागली होती. फोन पाहिला तर दादाचे अकरा मिस्ड कॉल. एकही घंटा तिच्या कानांपर्यंत पोचली नव्हती.

तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात आई, भांग पाडून, स्वेटर घालून टवटवीत. मागे दादा. शर्टाची बटणं एका घराने वर चढलेली, पट्टा गळ्यात अडकलेला.

"सात वेळा उठली," तो म्हणाला.

"नऊ वेळा उठते. दोनदा तुझा डोळा लागला असेल."

तो हसला नाही. खुर्चीत बसला तो बसलाच. "हिने माझ्या कानशिलात मारली. म्हणाली, हा कोण पुरुष घरात शिरलाय." मग म्हणाला, "तू हे रोज करतेस?"

"रोज."

किल्लीबाईने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि उभी राहिली. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या विहिरीत वाकून पाहिलं होतं. आता दोर येईल, असं तिला वाटलं. खरंच वाटलं.

दादा कपाकडे बघत होता. "बोटीला कठडे असतात गं," तो म्हणाला. "खाली सगळं पाणी. हिला काही झालं तर जन्मभर... मी रात्रभर विचार केला. हिला नेणं बरोबर नाही."

"मग?"

"तुम्ही दोघी घरीच थांबा. तिला कळणारही नाही कुणाचा वाढदिवस ते. आम्ही तिकडून व्हिडिओ कॉल करू. जादूचा प्रयोग दाखवू तुला, सगळा." तो उठला, गळ्यातला पट्टा काढून त्याने टेबलावर ठेवला. ठेवताना नीट घडी घातली. "बोटीचा फॉर्म तुझ्याकडेच आहे ना? त्यांचं ऑफिस तुझ्या वाटेवर पडतं. तुमची दोघींची नावं तेवढी काढ."

तो गेल्यावर किल्लीबाई मोरीत गेली, नळ पूर्ण सोडला आणि तोंडात टॉवेल धरून रडली. बाहेर आई विचारत होती, "कोण गेलं?"

मग ती टपरीवर गेली. त्या दिवशी नऊ किल्ल्या कापल्या. एकही परत आली नाही. बेकरीवाल्याने आपली नवी किल्ली लावून पाहिली आणि लांबूनच हात वर केला. एका रात्रीच्या झोपेवर नऊ. ती चिंधी गुंडाळलेल्या बोटाकडे बघत बसली. चार वाजता तिने टपरी बंद केली, घरी जाऊन शेजारच्या बाईला मोकळं केलं, आईचा हात धरला आणि बोटीच्या ऑफिसात गेली.

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पाहिला. "आठ जणं ना?"

"तो राहू द्या. नवा द्या. एकटीचा."

"मजला?"

"सगळ्यात खालचा. शेजारी कुणी नको."

मुलीने पडद्यावर शोधलं, नाक मुरडलं. "एक आहे, पण ती कुणी मागत नाही, मॅडम. खिडकी नाही. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला चादरी ठेवायची खोली. घरघर चालू असते दिवसरात्र."

"मधलं दार?"

"नाही."

"ती द्या. आवाजात मला चांगली झोप लागते."

"आणि संध्याकाळचे कार्यक्रम? जादूगाराला फार गर्दी होते, आत्ताच जागा धरलेली बरी."

"नको. पाचही दिवस काही लिहू नका."

नव्या मशिनसाठी साठवलेले पैसे तिने मोजून दिले. पावती येईपर्यंत तिथेच उभं राहून दादाला फोन लावला. आई शेजारच्या बाकड्यावर, लेकीच्या पिशवीचा बंद मुठीत धरून.

"दादा, मी जातेय. एकटी. निघायच्या दिवशी सकाळी आईला तुझ्याकडे सोडते. पाच रात्री."

"वेड लागलंय का तुला? आमची बाल्कनी—"

"तुमचं तुम्ही बघा. नंतरच्या बोटीने जा. नाही जमणार असं म्हणायचं असेल तर आत्ता म्हण. मी फोन धरून आहे."

पलीकडून "काय म्हणतायत वन्सं?" असा वहिनींचा आवाज आला. मग दाराचा आवाज. दादा बहुतेक बाहेर गेला. त्याचा श्वास ऐकू येत होता. किल्लीबाईने काउंटरची कड धरली. तो नाही म्हणाला तर पुढे काय, हे तिने ठरवलेलंच नव्हतं. पुढे काहीच नव्हतं.

"किती वाजता आणशील?" दादा म्हणाला.

"सातला."

तिने फोन ठेवला. आई तिच्याकडे बघत होती. "कुठे चाललीस?"

"झोपायला."

"मी पण येते," आई म्हणाली आणि उठून उभी राहिली. स्वेटरची सगळी बटणं तिने एका दमात नीट लावली.

किल्लीबाईने आईला खांद्याला धरून बाकड्यावर बसवलं, दाराकडे तोंड करून.

"बस यायचीय, आई."

"हो का?" आईने मांडीवर हात घेतले आणि रस्त्याकडे बघू लागली.

"मॅडम," काउंटरवरची मुलगी म्हणाली, "त्या खोलीला किल्ली नसते, कार्ड असतं. आम्ही दोन देतो. दुसरं कुणाच्या नावाने लिहू?"

सत्तावीस वर्षं किल्लीबाई लोकांना दुसरी किल्ली करून देत आली होती.

"दुसरं नको," ती म्हणाली. "एकच द्या."