सहा सह्या आणि एक अंगठा

भटवाडीचा वाणी माझ्या आईला वचकून असायचा. चहाचा पुडा हातात आला की ती आधी चिकटवलेल्या कडेवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "ही पट्टी दुसऱ्यांदा लावलीय. दुसरा द्या." वाणी निमूट दुसरा द्यायचा. मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात, आईची तीस वर्षं गेली होती. खोकं बंद करायचं, गोंदाची पट्टी ओल्या स्पंजावरून ओढायची, लावायची, पुढचं खोकं घ्यायचं. अशा बाईला फसवायला कुणी धजणार नाही, असं मला लहानपणी ठाम वाटायचं. मी किती बावळट होते ते पुढे येईलच.

आमच्या घरातही एक खोकं होतं आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असा नियम होता. एकोणीसशे अठ्ठावन्न साली आईच्या कारखान्याच्या बायकांनी कामगारांच्या सामन्यांत हुतूतू जिंकला. आई, म्हणजे शेवंती, संघाची कप्तान. पुरुषांच्या संघाला चांगली जाडजूड ढाल मिळाली. बायकांनाही काहीतरी द्यायचं असतं हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. ऐनवेळी साहेबाने आपल्या मुलासाठी विलायतेहून आणवलेला क्रिकेटचा बैठा खेळ, खोक्यात बंद होता तसाच उचलून आईच्या हातात दिला. हुतूतू खेळणाऱ्या सात बायकांना एक क्रिकेट! पण आईला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिला आयुष्यात कुणी बक्षीस दिलं ते तेवढंच.

ते त्या दिवशीच उघडलं असतं तर ही गोष्ट घडली नसती. पण शेवटची चढाई विमलने धरली होती आणि त्या धरण्यात तिचा पाय मोडला होता. ती राजावाडीला हॉस्पिटलात पडलेली. तिच्याशिवाय उघडायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. कारखान्याचीच एक गोंदाची पट्टी खोक्यावर आडवी लावली आणि सातही जणींनी तिच्यावर सह्या केल्या, अर्धी सही पट्टीवर आणि अर्धी खोक्यावर. पट्टी कुणी हलवली की सही तुटलेली दिसणार. हे पॅकिंगवाल्या बायकांनाच सुचायचं. कृष्णाबाईला लिहिता येत नव्हतं, तिने शाईचा अंगठा उठवला. खोकं हॉस्पिटलात नेऊन विमलची सही घेतली. सातही जणी एकत्र बसू त्या दिवशी उघडू, असा शब्द झाला आणि खोकं कप्तानाकडे राहिलं.

तो दिवस अठ्ठावीस वर्षं आला नाही. विमल बरी झाली ती थेट लग्न होऊन चिपळूणला गेली. एकदा सहा जमल्या तर सातवी बाळंत झाली. पुढे कधी विमल मुंबईत आली तर दोघी गणपतीला गावी गेलेल्या. आईने खोकं एका जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं होतं. दसऱ्याला ते बाहेर काढायची, लुगड्यासकट पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायची, पुन्हा आत. लुगडं तिने कधी सोडलं नाही. कारखान्यात दिवसाला शेकडो खोकी तपासणारी ही बाई हे एक खोकं तपासत नव्हती, कारण ते तिच्या घरात होतं.

मी आठ वर्षांची असताना एकदा ट्रंक उघडी राहिली. मी लुगड्याची गाठ सोडायला बसले आणि तेवढ्यात आई आली. तिने जी थोबाडीत दिली ती अजून आठवते. मी रडत बाबांकडे गेले. बाबा तेव्हा गिरणीत रात्रपाळीला, म्हणजे दिवसा घरीच असायचे. पेपर खाली न करता ते म्हणाले, "आईची वस्तू आहे गं नलू, हात लावू नये. तिने शब्द दिलाय." माझा मोठा भाऊ नंदू शेजारी बसून मान डोलावत होता. मला त्या वयात ते फार थोर वाक्य वाटलं. मी डोळे पुसले आणि शहाण्यासारखी गप्प बसले.

शहाऐंशी साली विमलमावशी कायमची मुलाकडे चेंबूरला राहायला आली. तिनेच पत्रं टाकून सगळ्यांना गोळा केलं. मार्चमधला एक रविवार ठरला, दुपारी चार वाजता, आमच्या घरी. सातही जणी हयात होत्या हेच एक नवल. आईने आठवडाभर आधी चकल्या तळल्या, खोलीला चुना काढला, शेजारून दोन सतरंज्या मागून आणल्या. नंदू लग्नानंतर दिंडोशीला वेगळा राहायला गेला होता, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मी चोवीस वर्षांची होते आणि आईला इतकी हरखलेली कधी पाहिली नव्हती. "आत काय काय असेल गं?" असं ती मला दिवसातून चारदा विचारायची.

रविवारी सकाळी खोकं जरा पुसून ठेवावं म्हणून तिने लुगडं सोडलं.

मी चहा गाळत होते. बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून वळून पाहिलं. ती खोक्यापुढे बसली होती आणि तिचं बोट पट्टीच्या कडेवर थांबलं होतं.

"नलू, इकडे ये. विमलची सही बघ."

मी पाहिली. 'म' निम्मा पट्टीवर होता, निम्मा खोक्यावर, आणि दोन्ही निम्मे जुळत नव्हते. सुतभरच सरकले होते. कृष्णाबाईचा अंगठाही मधोमध तुटला होता. पट्टीच्या कडा झुरळांनी कुरतडल्या होत्या.

"आमच्या गोंदाला एवढं झुरळ लागत नाही," आई म्हणाली. "ही कणकेची खळ आहे."

बाबा मोरीपाशी दाढी करत होते. ट्रंकेच्या किल्ल्या दोन होत्या, एक आईकडे, एक त्यांच्याकडे. आईने शांतपणे विचारलं, "अहो, हे कुणी उघडलं?"

घाबरले की बाबा मालवणीत शिरायचे. "माका काय म्हायत? झुरळांनी खाल्ली असतली."

"झुरळं खाऊन परत चिकटवत नाहीत."

बाबांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या तोंडाला साबण तसाच होता. "एकदाच," ते म्हणाले. "एकोणसत्तर साल असेल. नंद्याला गोवर आला होता. तू कामावर, नलू शाळेत. पोरगं तापात तेच मागत होतं. एकदाच खेळलो आणि लगेच लावून टाकलं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"म्हणजे सतरा दसरे तुम्ही मला त्याला हळदकुंकू वाहताना बघितलंत," आई म्हणाली. "हसू नाही आलं?"

बाबा गालावरचा साबण पुसू लागले. मला राहवलं नाही. "मला त्यानंतर मार बसलाय बाबा! आणि तुम्ही वर मला शब्दाबिब्दाचं ऐकवत होतात!"

"तू आईला सांगितलं असतंस," बाबा म्हणाले.

म्हणजे मी आईशी खोटं बोलणार नाही, हा माझा दोष होता. नंदूला तो दोष नव्हता, म्हणून त्याला खेळायला मिळालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती वेळ माझी नव्हती.

चार वाजता सहा बायका येणार होत्या आणि त्यांतली एकेक आईच्याच पॅकिंगच्या टेबलावर काम शिकून तयार झालेली. पट्टीवर नजर पडताच ओळखणार आणि त्यांना एकच वाटणार, की शेवंतीने फोडलं. कप्तानानेच शब्द मोडला. आईला बाकी कशाची भीती नव्हती, याची होती.

बाबांना युक्त्या सुचत होत्या. "पट्टी फाडूनच ठेव ना. म्हणावं, उघडायला सोपं जावं म्हणून काढली." मग म्हणाले, "नाहीतर नवी लाव. नलूचं अक्षर चांगलं आहे, ती सह्या करील." मी हातातली गाळणी आपटली. आईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती खोक्याकडे बघत होती. सगळं आधीच झालंच आहे तर उघडावं का, आत काय आहे ते एकदा तरी बघावं का? इतकी वर्षं सांभाळलेल्या वस्तूच्या आत काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं आणि नवऱ्याला ठाऊक होतं. हे तिला सगळ्यात जास्त लागलं असणार. दोनदा तिचं नख पट्टीखाली गेलं आणि दोन्ही वेळा तिने हात मागे घेतला.

जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "मी नाही उघडणार. आहे तसंच त्यांच्यापुढे ठेवणार. आणि तुम्ही इथे बसायचं. कुणी विचारलं की सांगायचं, मी उघडलं, पोराला गोवर होता म्हणून. पोरं त्यांनीही वाढवलीत, समजून घेतील. पण ते तुमच्या तोंडून यायला पाहिजे. मी बोलले तर नवऱ्यावर ढकलतेय असं होईल."

"सांगतो की. त्यात काय एवढं?"

"नक्की?"

"सांगतंय म्हटलंय ना गो!"

आई निवळली. मला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटतं. एकदाच आणि तेही आजारी पोरासाठी, म्हणून तिने मनातून जवळजवळ माफ करून टाकलं होतं. गजरा माळताना मला म्हणाली, "फार वाईट गोवर होता गं त्याचा. मला तेव्हा रजा मिळाली नव्हती."

चारच्या ठोक्याला सगळ्या आल्या. विमलमावशी एका पायाने लंगडत, कृष्णाबाई दात नसलेलं तोंड भरून हसत. "शेवंते, काय गं ही, पोतं झालीस नुसती!" "तू मोठी काडी लागून गेलीस!" एकमेकींच्या पाठीत धपाटे घालत त्या सतरंजीवर बसल्या आणि आमची दहा बाय बाराची खोली भरून गेली. शेवटी विमलमावशी म्हणाली, "चला कप्तान, काढा आता."

आई ट्रंकेकडे वळली. कोपऱ्यात स्टुलावर बसलेले बाबा उठले, दुधाची किटली घेतली आणि चपला पायांत सरकवल्या. "चहाला दूध कमी पडेल. आलोच," असं माझ्याकडे बघत म्हणाले. दूध पातेलंभर होतं. मी तसं म्हणेपर्यंत ते जिना उतरलेसुद्धा.

आईने खोकं मध्ये ठेवलं, पट्टी वर करून. एकेकीचं हसणं थांबत गेलं. कृष्णाबाईने स्वतःच्या ठशावर अंगठा टेकवून पाहिला. विमलमावशीने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"शेवंते," ती म्हणाली, "तू फोडलंस?"

आईने दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं, बाहेर गॅलरीत कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं तशी तिने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो, तिच्याही आणि माझ्याही.

"माझ्या घरात फुटलं," आई म्हणाली. "माझ्याकडे होतं, म्हणजे चूक माझीच."

"मग एक पत्र टाकायचंस." विमलमावशीचा आवाज जराही चढला नव्हता. "सासरी सगळे विचारायचे, पाय मोडून घेतलास आणि मिळालं काय? मी सांगायचे, बक्षीस आहे माझं. माझ्यासाठी बंद ठेवलंय."

उघडू या, असं कुणीच म्हणालं नाही. "आता काय बघायचंय त्यात," एकजण पुटपुटली. चहा झाला, चकल्या झाल्या, मुलाबाळांच्या चौकशा झाल्या. साडेपाचला सगळ्या उठल्या. "येते गं," सगळ्यांनी म्हटलं. "पुन्हा भेटू," असं एकीनेही म्हटलं नाही.

बाबा सहा वाजता आले, किटलीत अर्धा लिटर दूध घेऊन. "गेल्या? काय म्हणाल्या?"

"शेवंतीने फोडलं म्हणाल्या," आई म्हणाली.

"मग तू सांगायचं ना, मी उघडलं म्हणून!"

आता आई ओरडेल असं मला वाटलं. तिने ओरडावं असं फार वाटत होतं. पण ती सतरंजीवर बसली, खोकं त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "मांडा. आता कुणाची वाट बघायची नाही. मला खेळता येत नाही, तुम्ही शिकवा."

बाबांना वाटलं, सुटलो. ते उत्साहाने मांडी घालून बसले. मी कात्री आणायला उठले, पण तिची गरजच पडली नाही. बाबांनी बोट जिभेला लावून पट्टीच्या एका टोकावरून फिरवलं, क्षणभर थांबले, नखाने टोक उचललं आणि सबंध पट्टी अलगद सोडवली. कुठे एवढीशीही फाटली नाही. मग न बघताच हात मागे नेऊन ती त्यांनी स्टुलाच्या कडेला नीट लटकवून ठेवली, पुन्हा लावायला लागते तशी. हिरवा पुठ्ठा पसरला. पत्र्याचे खेळाडू भराभर आपापल्या जागी ठेवू लागले.

आई लटकलेल्या पट्टीकडे बघत होती.

"एकदाच," ती म्हणाली.

बाबांचा हात खेळाडूसकट वरच राहिला.