शेवटच्या चेंडूपर्यंत

धाकटीचे केस पांढरे झाले होते, लेक लग्न होऊन सासरी रुळली होती, तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. दोन जावांतली ती धाकटी, एवढीच तिची ओळख उरली होती. दातांच्या दवाखान्यात ती काउंटरवर बसायची. आलेल्याला धीर द्यायचा, आत पाठवायचं, सुजलेला गाल धरून बाहेर आलेल्याला पुढची वेळ द्यायची, हे तिचं काम. समोरच्या भिंतीवर टीव्ही होता. लोकांचं लक्ष दुखण्यावरून उडावं म्हणून डॉक्टरांनी तो लावला होता, आणि मालिकांमधली रडारड नको म्हणून त्यावर कायम खेळाचं चॅनेल. आवाज बंद. तिथे बसल्या बसल्या तिला टेनिसचं वेड लागलं.

पण त्या वेडाचं कधी पोट भरलं नाही. सामना ऐन रंगात आला की कुणीतरी पडलेली कवळी रुमालात गुंडाळून दारात उभं राहायचं. त्याचं काम उरकून ती मान वर करेपर्यंत सेट संपलेला असायचा, नाहीतर दुसराच सामना लागलेला. घरी रिमोट नवऱ्याच्या मांडीवर. इतक्या वर्षांत तिने एकही सामना पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत बघितला नव्हता.

म्हणून शहरात मोठी स्पर्धा होणार असं कळलं, तेव्हा तिने कुणाला विचारलं नाही, सरळ सांगितलं. डॉक्टर म्हणाले, शनिवारी गर्दी असते. ती म्हणाली, असते खरी. नवरा म्हणाला, टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं. त्यावर ती नुसती त्याच्या मांडीवरच्या रिमोटकडे बघत राहिली. शेवटी थोरली जाऊ म्हणाली, एकटी कुठे जातेस, मीही येते. टेनिसमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण धाकटीला एकटं सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

दोघी इतक्या लवकर पोचल्या, की झाडूवाले अजून खुर्च्या पुसत होते. मैदान बघून धाकटी चकितच झाली. केवढंसं ते! टीव्हीवर ऐसपैस दिसणारं कोर्ट इथे शेजारच्या अंगणाएवढं वाटत होतं. मग खेळाडू आल्या. एक उंच, तरणीताठी, जिच्या नावाचे फलक लोकांनी आणले होते ती. दुसरी डावखुरी, वयाने मोठी, गुडघ्याला पट्टी बांधलेली. पहिली सर्व्हिस झाली आणि धाकटी दचकली. चेंडूचा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. जाड सतरंजी काठीने झोडपावी तसा तो थेट छातीत बसत होता. वर खेळाडूंचं धापा टाकणं, बुटांचं करकरणं. दवाखान्यातल्या मुक्या पडद्यावर यातलं काहीच नव्हतं.

पहिला सेट उंच मुलीने बघता बघता खिशात घातला. थोरलीला वाटलं, संपलं. तिने पिशवी आवरली. अजून आहे म्हटल्यावर तिने मान चोळली आणि म्हणाली, या दोघींपेक्षा आपलीच कसरत जास्त होतेय.

दुसऱ्या सेटमध्ये डावखुरीने पाय रोवले. ती जोरात मारत नव्हती, पण चेंडू सोडतही नव्हती. अशा वेळी धाकटीचा फोन थरथरला. नवरा. तिने उचलला नाही. पुन्हा थरथरला. पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून डोळे वटारले. जागा सोडून बाहेर गेलं, की खेळाडू बाजू बदलेपर्यंत पुन्हा आत घेत नाहीत, हे तिने दारातच ऐकलं होतं. ती फोन मुठीत घट्ट धरून बसली आणि खेळाडू खुर्च्यांवर टेकल्यावरच कानाला लावला.

लेकीचे सासू-सासरे न सांगता आले होते. नवऱ्याचा आवाज रडवेला झाला होता.

"अगं, व्याही आलेत. लगेच निघ."

"चहा तुम्हाला येतो," ती हळू आवाजात म्हणाली. "बिस्किटं वरच्या डब्यात आहेत. सामना संपल्याशिवाय मी उठणार नाही."

थोरलीने ऐकलं आणि ती उभीच राहिली. म्हणाली, लेकीच्या सासरची माणसं आहेत, लोक काय म्हणतील.

"ताई, तुम्हाला जायचं असेल तर जा. मी थांबणार."

इतक्या वर्षांत धाकटी तिच्याशी असं बोलली नव्हती. थोरली पिशवी काखोटीला मारून पायऱ्या उतरून गेली. धाकटीला वाटलं, उठावं, हाक मारावी. पण खाली डावखुरी सर्व्हिसला उभी राहिली होती. धाकटीने फोन बंद केला.

तो सेट डावखुरीने घेतला. तिसरा लांबतच गेला. ऊन उतरलं, समोरच्या छताची सावली कोर्टावर चढली, मुलांना घेऊन आलेले लोक निघून गेले. डावखुरी आता लंगडत होती. एका गुणात सामना जाईल असे दोन मॅच पॉइंट तिने वाचवले. तिसऱ्याला तिचा चेंडू नेटच्या पट्टीवर बसला, जरासा उडाला आणि तिच्याच बाजूला पडला.

सगळे उंच मुलीसाठी ओरडत होते. डावखुरीने रॅकेट बॅगेत ठेवली, टॉवेलची नीट घडी केली, चेन ओढली. एव्हाना टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या असत्या. धाकटी उभी राहिली आणि ती बाई खेळाडू जातात त्या बोगद्यात दिसेनाशी होईपर्यंत टाळ्या वाजवत राहिली. हात झोंबत होते.

घरी पोचली तेव्हा पाहुणे गेले होते. नवऱ्याने तोंड फुगवलं होतं, पण कपबश्या विसळून पालथ्या घातलेल्या होत्या. थोरली ओट्यापाशी पाठमोरी बसून भाजी निवडत होती. धाकटी कारण सांगत बसली नाही, माफीही मागितली नाही. हात धुतले, शेजारी बसली आणि निम्मी भाजी आपल्याकडे ओढली.

मग थोरली भाजीतून मान वर न करताच म्हणाली, "त्या पट्टीवालीचं काय झालं?"

"तुम्ही उठलात तेव्हा तिची सर्व्हिस होती," धाकटी म्हणाली आणि तिथून सांगायला लागली.