सागवानात एका ठोक्यात गेलेला खिळा

अन्याय झाला तो कपडे शिवून पोट भरणाऱ्या एका बाईवर. सांगलीत, नदीकडच्या एका बोळात, दुमजली घराच्या वरच्या खोलीत. गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या सकाळी, साडेअकराला पाच-दहा मिनिटं कमी असताना. तिच्या पायाखालची लाकडी जमीन भिंतीच्या बाजूनं सुटली आणि ती मशीनसकट खालच्या खोलीत गेली. जीव वाचला. उजव्या पायानं ती आता पायडल मारू शकत नाही. बोळात कुणालाही विचारा, आजही सांगतील की भुतानं ओढली.

भुतानं ओढली नाही. हे मी लिहून देते. आणि मला ते जवळजवळ महिनाभर आधीच दिसलं होतं, हेही लिहून देते.

मी मूळची साताऱ्याची, फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाची मुलगी. सिव्हिलच्या डिप्लोमासाठी सांगलीला आले आणि इथंच राहिले. विश्रामबागेत एका ऑफिसात घरांचे नकाशे काढते. सगळे सिमेंटचे. रविवारी आम्ही चार-पाच जण पत्रकं वाटतो. बुवाबाजी, भानामती, करणी हे आमचे विषय. मजकूर मी लिहिते, कारण मला राग लवकर येतो आणि पत्रकाला तो लागतो.

त्या बाईंकडं, बोळातल्या सगळ्यांच्या मावशींकडं, मी कुर्ते शिवायला टाकायची. त्यांची खोली म्हणजे वरच्या मजल्याचा अर्धा भाग. जाड तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर आणि वर फुलाफुलांची प्लास्टिकची मॅट. फळ्यांच्याच पार्टिशनपलीकडं घरमालकाची हळदीची पोती. त्या बोळानं पूर पाहिलेत. तेव्हापासून जे भिजू नये ते वर जातं. पोती वर, लोखंडी कपाट वर, लग्नातली भांडी वर. पाणी ओसरतं, सामान काही खाली येत नाही. पुढच्या वर्षी परत कोण चढवणार?

एकदा माप देताना माझ्या हातून दोऱ्याचं रीळ पडलं. पडलं ते पळत सुटलं आणि पश्चिमेच्या भिंतीला जाऊन टेकलं. मी उचलून आणलं, मुद्दाम परत खाली ठेवलं. परत गेलं.

"बघितलंस?" मावशी म्हणाल्या. "रोज असंच. कात्री जाग्यावर ऱ्हाती, पर गोल काय असंल ते पळतं. नदीकडं."

"कधीपासून?"

"पूर गेल्यावर मालकांनी भिंत सिमेटनं गुळगुळीत केली, त्याच्या पुढच्या वर्षापासनं. मशीन थांबलं की भिंतीतनं आवाज येतो बग. करकर, करकर. कुणीतरी दात खातंय जणू. पुरात कायतरी आत आलंय पोरी, ते परत गेलंच न्हाई."

मी हसले होते. त्या हसण्याचा आवाज आता मला सहन होत नाही.

घरमालक खाली राहायचा. मावशींनी त्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "ओ मावशी, सागवान हाय हे. आज्यानं रानातनं निवडून आणल्यालं. तुमी-आमी जाऊ, तुळई ऱ्हाईल." त्याच्याकडं घर मजबूत असल्याचा एका इंजिनिअरचा कागदही होता. तो इंजिनिअर वर आलाच नव्हता. खाली चहा पीत मान वर करून बघितलं, तुळईवरचा तेलरंग चकचकत होता, झालं काम. बशी ठेवायच्या आधी सही झाली, असं मावशी सांगायच्या.

सुताराऐवजी मालकानं देवऋषी बोलावला. मावशींनी मला निरोप धाडला, "तू ये. तू असलीस म्हंजे मला धीर वाटतो." मी गेले, पण धीर द्यायला नाही, भांडायला गेले. सर्वपित्री अमावास्या होती, भर दुपार. जिन्यावर बायका उभ्या, आत मालक, मावशी आणि हातात वीतभर लोखंडी खिळा घेतलेला देवऋषी. भुताला जागेवर खिळून टाकायचं, असा तो विधी.

मी सुरुवात केली. "तुमचं भूत कायम पश्चिमेलाच का ओढतं? त्याला पूर्व माहीत नाही का?"

जिन्यावर हशा झाला. एकजण म्हणाली, "आवं ताई, साताऱ्याला घिऊन जावा की त्याला. भरती तरी हुईल फौजेत."

"उंचीत बसायचं न्हाई," दुसरी म्हणाली. "फळीखाली मावतंय ते."

देवऋषी शांत होता. "ताई, तुमी शिकल्याला. तुमी बोला, मी माझं काम करतो."

मी बोलत राहिले आणि जिंकत राहिले. भूत एकाच दिशेला का ओढतं, हा माझा प्रश्न सगळ्यांना आवडला. मलाही आवडला. मग त्याचं उत्तर मी का शोधलं नाही? गोल वस्तू एकाच बाजूला जात असेल तर जमीन त्या बाजूला खचलेली असते. हे शाळेतल्या पोराला कळतं. मी तो प्रश्न टाळी घेण्यासाठी विचारला होता.

मग देवऋषीनं पार्टिशनलगत, पश्चिमेच्या भिंतीशी रचलेली दोन-तीन पोती सरकवायला लावली, माती उकरली आणि दोन फळ्या उचकटल्या. खाली तुळई भिंतीत शिरत होती. तिथं त्यानं खिळा धरला आणि हातोडा मारला. एकच ठोका. वीतभर खिळा माथ्यापर्यंत आत गेला. आवाजही धड झाला नाही. पिकल्या पपईत सुरी जावी तसा गेला. देवऋषी स्वतः क्षणभर हातोड्याकडं बघत राहिला.

"एका दमात गेला!" मालक ओरडला. "सुटलं बगा!"

मावशींनी डोळ्यांना पदर लावला. बायकांनी हात जोडले. नारळ फुटला. फळ्या परत बसल्या, पोती परत वर आली.

साताऱ्याच्या आमच्या घरात वडील सागवानात खिळा मारतात तेव्हा आधी भोक पाडतात, खिळ्याला साबण लावतात, तरी दोन वाकवतात आणि पलटणीतल्या शिव्या घालतात. लहानपणापासून मी ते बघितलंय. सागवान असा खिळा आत घेत नाही. हे त्या खोलीत सगळ्यांत आधी मला कळायला हवं होतं. आणि मी काय करत होते? मनात पत्रकाची पहिली ओळ जुळवत होते.

कॉलेजात लाकडाचा धडा आम्ही सगळ्यांनी ऑप्शनला टाकला होता. आता लाकडात कोण बांधतंय, असं म्हणून. बांधत नाही कुणी, पण राहतात की! त्या बोळात जवळजवळ सगळेच राहतात. तो धडा मी नंतर वाचला, मावशी दवाखान्यात असताना. तुळईचं टोक हातभर भिंतीत असतं. मातीची भिंत ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. तिला वरून सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल कोंडते, आणि लाकूड टोकाकडून कुजायला लागतं. बाहेर तेलरंग, आत भुसा. वरून पोत्यांचं ओझं. मावशींचं म्हणणं बरोबर होतं. पुरात काहीतरी आत आलं होतं आणि ते परत गेलं नव्हतं.

वसुबारसेला मी ऑफिसात होते. फोन आला, पोचले तेव्हा मावशींना नेलं होतं. खालच्या खोलीत हळद पसरलेली, त्यात अर्धवट शिवलेले ब्लाउज, मशीन आडवं. तुळईचं टोक भिंतीतून बाहेर आलेलं. त्या टोकाला लाकूड नव्हतंच, चहाच्या चोथ्यासारखा काळा चुरा होता. त्या चुऱ्यात तो खिळा, जसा मारला तसा, सरळ. मी बोटांनी उचलला. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मी तक्रार लिहून दवाखान्यात नेली. मावशींनी सही केली नाही.

"कुणावर लिवलंयस? मालकांवर? त्यांनी तर बिचाऱ्यांनी देवऋषी आणला."

"मावशी, तुळई कुजली होती."

"तू त्या भिंतीतल्याची चेष्टा केलीस त्या दिवशी. त्याला राग आला. तुला काय करता आलं न्हाई त्याला, म्हून माझ्यावर काढला." आवाजात राग नव्हता. "ऱ्हाऊ दे. तू ल्हान हायस."

तक्रारीचा कागद मी घडी करून पिशवीत टाकला. पत्रकं लिहिणारी मी!

भाऊबीजेला साताऱ्याला गेले. पोचल्या पोचल्या पेचकस मागितला आणि स्टुलावर चढले. आमचंही जुनंच घर, लाकडी माळ्याचं. वडील खालून म्हणाले, "काय गं, सुरुंग शोधतीयस का?" तीन तुळया पक्क्या निघाल्या. चौथी मोरीच्या भिंतीत जाते. तिच्यात पेचकस मुठीपर्यंत गेला. मी मागं वळून बघितलं. वडील हसायचे थांबले होते. त्यांनी तुळईखालचा आपला पलंग ओढत बाहेर नेला. दुसऱ्या दिवशी लोखंडी टेकू लागला.

इकडं सांगलीत मालकानं पडलेल्या तुळईच्या जागी लोखंडी चॅनेल घातलं. बाकीच्या तुळया तशाच. भिंतीला परत सिमेंटचा गिलावा, वर परत तेलरंग. खोली भाड्यानं द्यायची आहे, अशी पाटी आहे. मी जाऊन बोलले तर म्हणाला, "आता काय न्हाई तिथं. गेलं ते, तिला घिऊन." पोती परत वर चढली आहेत.

ऑफिसात टेबलावरून पेन्सिल घरंगळली की माझा हात थांबतो. ती कुठल्या बाजूला जाते हे बघितल्याशिवाय मला पुढची रेघ ओढता येत नाही.

म्हणून हे सहीसाठी लिहिलेलं नाही, हळहळीसाठी तर मुळीच नाही. तुमच्या डोक्यावर किंवा पायाखाली लाकडी तुळई असेल तर आत्ता उठा. पेचकस घ्या, स्टूल घ्या. तुळई जिथं भिंतीत शिरते तिथं, रंगाकडं न बघता, जोर लावून टोचा. आत गेला तर त्या तुळईवरचं ओझं आज खाली उतरवा, माणसं आज दुसऱ्या खोलीत हलवा, आणि मालक असो की इंजिनिअर, त्याला हाताला धरून वर न्या. त्यालाही टोचायला लावा. आणि त्या बोळातली ती पाटी बघून खोली विचारायला जाणार असाल, तर चपला काढायच्या आधी खिशातून एक गोटी काढा आणि जमिनीवर ठेवा.