आधी घ्यायची गोळी

सरकारी दवाखान्यात औषधं कधीमधी संपतात, किस्से मात्र संपत नाहीत! अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या आरोग्य केंद्रात मी डॉक्टर, रूथ सिस्टर नर्स. दोघींचा जीव एका पिवळ्या गोळीत अडकलेला. फोलिक ॲसिड. दिवस गेल्याचं बाईला कळेपर्यंत बाळाचा मणका मिटायची वेळ होऊन जाते. कधी तो उघडाच राहतो. म्हणून गोळी आधीपासून घ्यायची. एवढंच सांगता सांगता आमचा घसा बसतो.

*

एक नवी नवरी गोळ्या संपवून परत आली. मी खूश!

"रोज घेतलीस?"

"मी न्हाई, मालकांनी."

"अगं, त्यांना कशाला?"

"तुमीच म्हनला, आधी घ्यायची. आमच्यात आधी गडीमान्सं घेत्यात!"

*

आईला मधुमेह असला तरी बाळाच्या मणक्याचा धोका वाढतो. म्हणून सिस्टर प्रत्येकीला विचारतात, "शुगर आहे का?"

एक बाई छान लाजली. "मला न्हाई. मालक हायेत शुगरला. औंदाच कारखान्यात पर्मनंट झाले!"

"अभिनंदन," सिस्टर म्हणाल्या. "आता हात पुढे करा, रक्त घेते."

*

एका लग्नात सिस्टरनी आहेराच्या पाकिटात गोळ्याच घातल्या. माइकवाल्यानं पाकीट फोडलं आणि ओरडला, "दवाखान्याकडून नवरीला... गोळ्या!"

नवरीची आई घाबरली, "पोरीला काय झालंय?"

सिस्टरनी माइकच हिसकावला. "काही झालेलं नाही! व्हायच्या आधी घ्यायच्या आहेत!"

नवरदेव मुंडावळ्यांआड गडप! पण तेव्हापासून नव्या नवऱ्या येऊन हळूच म्हणतात, "बाई, ती लग्नातली गोळी द्या."

*

मंदाचं पहिलं बाळ पाठ उघडी घेऊन आलं आणि गेलं. सासू हौसाबाई दवाखान्यातच कडाडली, "गिरानात इळीवर भाजी चिरली हिनं!"

"मावशी, ग्रहण साऱ्या तालुक्याला लागलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "भाजी काय हिनं एकटीनंच चिरली?"

हौसाबाईनं सुनेकडे पाहिलं. मंदा भिंतीकडे तोंड करून रडत होती.

पुढच्या खेपेला मंदाला दिवस जायच्या बऱ्याच आधी आम्ही मोठ्या डोसची गोळी सुरू केली. आणि रोज समोर उभं राहून ती गिळायला लावली कुणी, तर हौसाबाईनं! "आ कर. जीब वर कर. गेली? जा आता."

सोनोग्राफीत सगळं ठीक निघालं. मंदा हसली, पण म्हातारीला पटेना. "फोटूत काय, समदीच चांगली दिसत्यात!"

बाळंतपण झालं. सिस्टरनी बाळ पुसून हौसाबाईच्या हातात दिलं. तिनं तोंडसुद्धा पाहिलं नाही. बाळाला हलकेच पालथं केलं, मानेपासून खाली बोट फिरवलं. थांबली. पुन्हा फिरवलं.

बाहेरून तिचा मुलगा खिडकीशी आला. "आये, काय झालं?"

म्हातारी सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी ओरडली,

"पाठ झाली रं! सलग पाठ!"