दुखेल म्हणणारी बाई

अंबरनाथ पश्चिमेला लॅबमध्ये रक्त काढते ती बाई खोटं बोलत नाही. “दुखेल हां बाबा,” म्हणते आणि टोचते.

माझी बायको गेली, आणि सहा महिन्यांत मला तिचं बोलणंसुद्धा आठवेना. आपलं डोकं गेलं, असं धरून बसलो होतो. या बाईला सांगितलं, तर ती तशीच उठून शेजारच्या डॉक्टरांकडे गेली आणि बी-ट्वेल्वची तपासणी लिहून घेऊन आली. “रक्तात ते कमी असलं तरी माणूस विसरतो,” म्हणाली. तसंच निघालं. इंजेक्शनं चालू झाली.

परवा बायकोशी झालेलं शेवटचं भांडण सगळंच्या सगळं आठवलं. लगेच जाऊन त्या बाईला सांगितलं.

“चूक कोणाची होती?”

“माझीच.”

“मग बाबा, डोकं येतंय ठिकाणावर.”