घोंगडीचा काळा

सांगलीत माधवनगर रस्त्यावर आमचं डीटीपीचं दुकान होतं. तिथं रोज सकाळी हौसामावशी पिशवीतून काळ्या घोंगडीचा वीतभर तुकडा काढून मांडीवर ठेवायच्या. त्याच तुकड्याचा स्कॅन पडद्यावर उघडायच्या आणि मॉनिटरखालची बटणं पिळत बसायच्या. मांडीवरची लोकर आणि पडद्यावरची लोकर एकसारखी दिसेपर्यंत कुणी माउसला हात लावायचा नाही. शेठनीसुद्धा नाही.

"नुसतं काळं दिसलं तर पडदा खोटा," त्या म्हणायच्या. "ह्यात बघ, तपकिरी केस हायती, करडं हायती, एखादा तांबूस बी हाय. समदं दिसलं पायजे. मेंढरं काय डांबरात बुडवून काढत न्हाईत."

घोंगडी त्यांच्या वडिलांच्या मेंढरांच्या लोकरीची होती. माहेर जतकडचं, मेंढरांमागं फिरणारं. लग्न होऊन त्या साताऱ्याला गेल्या आणि तिथल्या एका स्टुडिओत वीस वर्षं काळ्यापांढऱ्या फोटोंत बारीक ब्रशनं रंग भरत राहिल्या. पुढं रंगीत रोल आले आणि ते काम बसलं. मग सांगलीला मुलाकडं आल्या, आणि पन्नाशी उलटलेली असताना आमच्या दुकानात येऊन म्हणाल्या, "शिकवा."

मी मेढ्याचा. कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यामुळं स्वतःला फार शहाणा समजायचो. या बाईला माउस धरायलाच महिना लागेल, असं मला वाटलं होतं. चौथ्या दिवशी त्या माझ्या चुका काढत होत्या. "ब्रशला शेपूट फुटलंय, एवढंच की रं," म्हणाल्या.

त्यांना भीडभाड म्हणून ठाऊक नव्हती. शेठना लाल शर्टाचा भारी षोक. ते कौतुकानं मागं येऊन उभे राहिले की मावशी मान न वळवता सांगायच्या, "शेठ, मागं सरका. तुमच्या शर्टाचा लाल काचंत पडतोय." पगार देणारा माणूस निमूट दोन पावलं मागं सरकायचा. आम्ही हसू दाबायचो.

फाइलींच्या बाबतीत त्यांचा एक कायदा होता. मूळ फाइलला हात लावायचा नाही. नक्कल काढायची आणि काय कापाकापी करायची ती नकलेवर. तो कायदा मी मोडला, आणि मोडला तोही त्यांच्याच फोटोवर. दुकानातर्फे आम्ही लग्नांचे फोटोही काढायचो. अशाच एका लग्नाच्या रोलमध्ये शेवटचा एक फोटो शिल्लक होता, तो मी मावशींचा काढला. हातात घोंगडीचा तुकडा, कपाळाला आठ्या, आणि 'काढ एकदाचा' असा चेहरा. प्रिंट त्यांना दिला आणि त्याचा स्कॅन करून ठेवला. मित्राला दाखवायला न्यायचा तर तो फ्लॉपीत मावेना, म्हणून लहान केला आणि त्याच नावानं सेव्ह केला.

मावशी भडकल्या. "मूळ गिळलंस की रं! मोठ्याचं ल्हान हुतंय, ल्हानाचं मोठं हुत न्हाई. खाल्लेली भाकर परत टोपल्यात येती व्हय?"

"प्रिंट हाय की तुमच्याकडं," मी म्हणालो आणि विषय झटकला.

पुढं एकदा विट्याचे संपतराव आले. दूर कुठल्याशा शहरात त्यांचं सोनं गाळायचं दुकान होतं. आईचं वर्षश्राद्ध होतं आणि आईचा फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला. त्यात ती मागच्या रांगेत, चेहरा बोराएवढा. तो दोन हात उंच करून हवा होता.

"आणि जरा उजळ करा," संपतराव म्हणाले. "पाहुणे येणार आहेत."

मावशींनी फोटो बराच वेळ पाहिला. "आई रानात राबली का?"

"जन्मभर."

"मग ह्यो रंग उन्हातानात मिळवलाय तिनं. त्यो काढून घेणारी मी कोण? आन बोराएवढा चेहरा दोन हात ताणला तर नाकडोळं न्हाई दिसायचं, नुसत्या चौकटी दिसतील. तळहाताएवढा काढून देती, झ्याक येईल."

शेठ म्हणाले, "मावशी, गिऱ्हाईक सांगतंय तसं करा."

"न्हाई जमायचं."

"मग उद्यापासून येऊ नका."

मावशींनी तुकडा पिशवीत घातला, चपला पायात सरकवल्या. दारातून वळून मला म्हणाल्या, "तू करशील. मला ठावं हाय." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी केलं. गोरं केलं, ताणलं, चौकटी लपवायला सगळं धुरकट केलं. शेठनी पाठ थोपटली. मला स्वतःची लाज वाटली, पण ती पोटातच ठेवली.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्याच दिवशी संपतराव फोटोची गुंडाळी घेऊन परत आले. त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांनी फोटोपुढं हात जोडले होते आणि विचारलं होतं, "ही कुठली देवी म्हणायची?" तुमचीच बायको, असं सांगितल्यावर म्हातारा तोंड फिरवून बसला. "माझी काळी कुठं हाय मग?" जन्मभर त्यानं तिला 'काळे' म्हणूनच हाक मारली होती.

"त्या बाई कुठं आहेत?" संपतरावांनी विचारलं.

शेठ स्वतः स्कूटरवरून मावशींना घेऊन आले. मावशींनी आधी घोंगडी लावून पडदा जुळवला, मग मूळ फोटो पुन्हा स्कॅन केला. उन्हानं रापलेली, कपाळावर मोठं कुंकू असलेली ती बाई तळहाताएवढी छापून निघाली, तेव्हा संपतरावांनी तो फोटो दोन्ही हातांनी कपाळाला लावला.

"उद्यापासून या," शेठ म्हणाले.

"आता न्हाई," मावशी म्हणाल्या. "हितं खरं बोलायला बी गिऱ्हाइकाची परवानगी लागती." आणि त्या गेल्या त्या गेल्याच. घरीच फाटक्या, डागाळल्या फोटोंना ब्रशनं नीट करत राहिल्या.

दीड वर्षानं त्या वारल्या. दहाव्यानंतर त्यांचा मुलगा भिंतीवर लावायला आईचा मोठा फोटो मागत दुकानात आला. मी दिलेला प्रिंट ओलीनं काचेला चिकटून खराब झाला होता, आणि निगेटिव्ह त्या लग्नवाल्यांबरोबर कधीच गेल्या होत्या. राहिली होती ती माझी लहान केलेली फाइल. ती उघडली आणि मला मान वर करवेना.

मुलाकडून घोंगडीचा तुकडा मागवून घेतला. मांडीवर ठेवला आणि बटणं पिळत बसलो. काळ्यातले तपकिरी, करडे, तांबूस केस दिसू लागले, तेव्हा मावशींना पडद्यावर आणलं. तळहाताएवढंच छापलं आणि मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर मधोमध लावलं.

"एवढाच?" मुलगा म्हणाला.

"एवढाच. मूळ मी घालवलं. ताणला तर त्यांचा चेहरा राहणार नाही."

"मग निदान उजळ तरी करा. पाहुणे बघतील."

"न्हाई जमायचं," मी म्हणालो.

मागून शेठ पुढं आले, पडद्यावर वाकले. "अरे, गिऱ्हाईक सांगतंय तसं कर की."

मी मान वळवली नाही.

"शेठ, मागं सरका. तुमच्या शर्टाचा लाल काचंत पडतोय."