बर्फानं उघडलेली पापणी

ऐन लग्नसराईत मला एका सुईच्या दोन सुया दिसायला लागल्या. घाटनांदूरच्या आमच्या शिलाईच्या दुकानात ब्लाउजांचा ढीग पडलेला. सकाळी उठले की डोळे ठणठणीत असायचे, पण दुपार कलली की डावी पापणी आपोआप खाली उतरायची.

"कावून गं, डोळा मारायलीस का मला?" सासूबाईंनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. पुढे हसू येईना. शेजारीण म्हणाली, लकवा. दुसरी म्हणाली, साखर वाढली असंल. चष्मा केला, तर चष्म्यातूनही सगळं जोडीनंच दिसे. शेवटी सासूबाईंनी दुकानाला कुलूप लावलं आणि मला अंबाजोगाईला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली, ती बरोबर निघाली. डोक्याला मार लागला होता का, डोळा दुखतो का, हेही विचारलं. मग म्हणाल्या, "सकाळी कसं असतं?"

"सकाळी काहीच नसतं."

त्या खुर्चीत एकदम पुढे सरकल्या. "वर छताकडे बघा. बघतच राहा." मी बघत राहिले आणि पापणी हळूहळू घसरत गेली. त्यांचे डोळे चमकले. "बर्फ हवा होता. नेमका आमचा फ्रीज बंद आहे."

"समोर रसवंती हाय की!" म्हणत सासूबाई उठल्यासुद्धा. गुडघेदुखीनं कण्हणारी ही बाई रस्ता ओलांडून पळत गेली आणि पदरात बर्फाचा खडा घेऊन परतली. पदरातून पाणी गळत होतं.

डॉक्टरांनी बर्फ हातमोज्यात भरून माझ्या मिटलेल्या डोळ्यावर धरला. डोळा बधिर झाला, तसा त्यांनी बर्फ काढला. "आता उघडा."

"उघडला! अगं बाई, उघडला की गं पुरा!" सासूबाई एवढ्यानं ओरडल्या की बाहेरचे पेशंट दारातून डोकवायला लागले. मी आरशात बघितलं. दोन्ही डोळे सारखे!

"हा लकवा वाटत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून तो लवकर थकतो. बर्फ हा उपचार नाही, फक्त खूण आहे. रक्त तपासू आणि छातीचा स्कॅन करू, या आजारात कधीकधी छातीतल्या ग्रंथीत गाठ असते. गिळायला जड गेलं, दम लागला, तर एक क्षणही थांबू नका."

एस.टी.त बसेपर्यंत पापणी पुन्हा उतरली होती, पण भीती उतरली ती उतरलीच. रक्तातही तेच निघालं. छाती साफ होती. गोळ्या सुरू झाल्या. पहिली गोळी घेतल्यावर सासूबाई माझ्यासमोर मांडी घालून बसल्या, नजर न हलवता. पापणी वर सरकायला लागली, तशी त्यांनी टाळी वाजवली आणि मोबाइल उचलून धारूरच्या लेकीला, माझ्या नणंदेला, फोन लावला.

"ऐक गं! गोळीनं बी उघडला!"